पसाऱ्यावर इलाज

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका छोट्या गावाच्या आरोग्य खात्याने एकच घर साफ करायला १६,००० डॉलर खर्च केले. खात्याच्या अंदाजपत्रकातला बहुतेक पैसा त्या एका घरात गेला. अठरा महिन्यांनी घर पुन्हा तसंच भरलेलं होतं. राज्यातल्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या अनुभवांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हे उदाहरण या विषयाच्या अभ्यासकांच्या तोंडी आहे. सामान ट्रकमध्ये भरून नेता आलं. पण ते घरात आणणारा आणि बाहेर जाऊ न देणारा जो निर्णय होता, तो मालकाच्या डोक्यातच राहिला.

वस्तू साठवण्याच्या विकारावर गेल्या तीसेक वर्षांत जे संशोधन झालं, ते याच मुद्द्याभोवती फिरतं. इलाज घरावर करायचा की माणसावर? उत्तर केव्हाच मिळालं आहे, तरी जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा इलाज अजून ट्रकच आहे. आपल्याकडे ट्रकऐवजी टेम्पो असतो आणि त्याचा मुहूर्तही ठरलेला असतो. आई लग्नाला गावी गेली, बाबा चारधामला निघाले, की मुलं भंगारवाल्याला बोलावतात. परत आल्यावर आई रडते, बाबा बोलायचे थांबतात, आणि वर्षा-दोन वर्षांत माळा पुन्हा भरतो. या टेम्पोला पर्याय कोणते, ते कितपत चालतात आणि कुठे थांबतात, ते इथे पाहू.

सगळा पसारा म्हणजे विकार नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण मराठी घरात साठवणीची शिस्त मोठी. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी, श्रीखंडाच्या डब्यांत डाळी भरणारी, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी पिढी आजारी नव्हती. तिच्या साठवणीला बाहेर पडायच्या वाटा होत्या. कपडे बोहारणीकडे जात, वर्तमानपत्रं रद्दीवाल्याकडे, पितळेची भांडी मोडीत, आणि जे उरे ते पायपुसणं होऊन झिजे. विकारात नेमकी ही बाहेरची वाट बंद होते. रद्दीवाला दारात उभा असतो, गठ्ठा बांधून तयार असतो, तरी तो हातातून सुटत नाही. त्यात एखादी पाककृती, एखादं कामाचं कात्रण राहून गेलं असेल तर? गठ्ठा परत आत जातो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथाने मे २०१३ मध्ये ‘होर्डिंग डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार मानला. निदानाच्या कसोट्या थोडक्यात अशा: वस्तूची खरी किंमत काहीही असो, ती टाकणं सतत जड जातं, टाकायच्या नुसत्या विचाराने जीव कासावीस होतो, आणि राहत्या खोल्या इतक्या भरतात की त्या ज्यासाठी असतात ते काम तिथे करता येत नाही. ओट्यावर स्वयंपाक होत नाही, पलंगावर झोपायला जागा नसते, न्हाणीघरात बादल्यांच्या जागी पेट्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ मध्येही हा विकार आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं.

त्याआधी ही तक्रार ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या खात्यात टाकली जाई आणि इलाजही ओसीडीचाच होई. तो नीट लागू पडत नसे. ओसीडीच्या माणसाला आपल्या मनात घुसणारे विचार नकोसे असतात, त्यांतून सुटका हवी असते. साठवणाऱ्याला वस्तू हाती आली की आनंद होतो, ती आपली वाटते. त्रास होतो तो ती सोडताना. या विकाराचे अभ्यासक रँडी फ्रॉस्ट, गेल स्टेकेटी आणि डेव्हिड टोलिन यांनी २०११ मध्ये २१७ रुग्ण तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांना नैराश्य होतं, चौथ्या हिश्श्याहून जास्त लोकांना लक्ष टिकवण्याची अडचण म्हणजे एडीएचडीचा एक प्रकार होता, आणि ओसीडी मात्र पाचांत एकालाही नव्हता. चुकीच्या खात्यात टाकलेल्या आजाराची औषधंही चुकीचीच निघावीत, यात नवल नाही.

हा आजार दुर्मीळ नाही, हेही उशिराच कळलं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेजात रँडी फ्रॉस्ट यांच्या रेचल ग्रॉस नावाच्या विद्यार्थिनीने, घरात सामान साचवणारे कोणी असतील तर भेटावं, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात दिली. फार तर दोन-चार माणसं मिळतील, असा त्यांचा होरा होता. शंभरावर फोन आले. १९९३ साली त्या दोघांचा शोधनिबंध आला आणि विषयाला तोंड फुटलं. पुढे अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला अंदाज २.५ टक्क्यांचा आहे, स्त्रिया आणि पुरुष यांत जवळपास सारखाच. सवय बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात लागते आणि दर दशकागणिक वाढत जाते. उपचाराला माणूस येतो तो पन्नाशीच्या आसपास, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचं सामान आणि तेवढीच जुनी भांडणं सोबत घेऊन.

संशोधन सुरू होण्याआधीच्या काळात समाजाला हे प्रकरण दिसायचं ते फक्त तमाशा म्हणून. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले होमर आणि लँगली कॉलियर हे भाऊ मार्च-एप्रिल १९४७ मध्ये आपल्या घरात मृतावस्थेत सापडले. लँगली स्वतःच रचलेल्या सापळ्यात, कागदांच्या ढिगाखाली चिरडला होता. आंधळा आणि अंथरुणाला खिळलेला होमर उपासमारीने गेला. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं, त्यात चौदा पियानो होते. वर्तमानपत्रांचे गठ्ठे लँगलीने भावासाठी ठेवले होते. त्याची दृष्टी परत आली की त्याला वाचता यावेत म्हणून. बघ्यांची गर्दी पियानो मोजत होती. या आजाराबद्दल काही शिकायचंच असेल, तर ते पियानोंपेक्षा त्या वर्तमानपत्रांत होतं.

कारण साठवणाऱ्याकडे प्रत्येक वस्तूमागे एक कारण असतं आणि ते बहुतेक वेळा ऐकायला शहाणपणाचंच असतं. फ्रॉस्ट आणि तमारा हार्टल यांनी १९९६ मध्ये मांडलेली उपपत्ती आजच्या उपचारांचा पाया आहे. तिच्यानुसार काही गोष्टी एकत्र गुंततात. लक्ष टिकत नाही. वस्तूंची वर्गवारी जमत नाही. निर्णय होत नाही. तुम्ही-आम्ही विजेची बिलं एका फायलीत टाकतो. या माणसाला प्रत्येक बिल वेगळं दिसतं आणि त्याला स्वतंत्र जागा हवी असते. कपाटात गेलेली वस्तू विसरली जाईल या भीतीने ती डोळ्यांसमोर ठेवली जाते, आणि डोळ्यांसमोर ठेवलेल्या हजार वस्तूंचा ढीग होतो. शिवाय वस्तूशी नातं जडलेलं असतं, वाया घालवण्याचं पाप नको असतं, आणि निर्णय उद्यावर टाकला की आजची तगमग थांबते. आळस हा शब्द या घरांबद्दल फार सैलपणे वापरला जातो. यांतले कित्येक लोक दिवसभर सामान हलवत असतात, एका ढिगातलं दुसऱ्या ढिगात.

डेव्हिड टोलिन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या अभ्यासात हे सुरेख दिसतं. स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसाला टपालाचे कागद दाखवले. काही त्याच्याच घरचे, काही संशोधकांचे. प्रत्येकाबाबत ठेवायचा की टाकायचा हे सांगायचं, आणि टाकायचा म्हटलेला कागद खरोखर यंत्रात घालून त्याच्या चिंध्या करत. परका कागद असताना साठवणाऱ्यांच्या मेंदूतले महत्त्व जोखणारे दोन भाग इतरांपेक्षा मंद होते. स्वतःचा कागद समोर येताच तेच भाग नको तितके पेटले. कचऱ्यात जाणारं जाहिरातीचं पत्रक मेंदूला मोठ्या निर्णयासारखं वाटत होतं. ‘अहो, साधा कागद तर आहे’ हे वाक्य अशा माणसापुढे का वाया जातं, ते इथे कळतं.

आता उपचार. आज सर्वांत जास्त पुरावा आहे तो याच विकारासाठी बांधलेल्या वर्तनोपचाराला, ज्याला मानसोपचाराच्या व्यवहारात सीबीटी म्हणतात. फ्रॉस्ट आणि बोस्टन विद्यापीठाच्या गेल स्टेकेटी यांनी त्याची कार्यपुस्तिका २००७ साली छापली. साधारण २६ बैठका, सहा महिने ते वर्षभर, आणि त्यांतल्या काही बैठका प्रत्यक्ष घरी. सुरुवात सामानाला हात न लावता होते. घर मोकळं झालं तर काय करावंसं वाटतं, हे आधी विचारतात. कोणी म्हणतं, नातवाला इथे झोपवायचं आहे. कोणी म्हणतं, गॅस दुरुस्त करायला माणूस बोलवायचा आहे. पुढच्या प्रत्येक बैठकीत वाद झाला की या उत्तराकडे परत येतात. रुग्णाचा उपचाराला होकार नसतो, हा या आजाराचा मोठा घाट. तो चढायला पहिले काही आठवडे जातात, आणि घाई करणारे उपचारक तिथेच रुग्ण गमावतात.

मग सराव. उपचारक एकही वस्तू परवानगीशिवाय उचलत नाही. टाकणारा हात रुग्णाचाच असावा लागतो. एक खोका घ्यायचा, सोप्या सामानाचा. फोटो आणि पत्रं शेवटी. प्रत्येक वस्तूवर मोठ्याने बोलायचं: अशा किती आहेत? गेल्या वर्षात वापरली का? आज दुकानात दिसली तर विकत घेईन का? टाकली तर शंभरपैकी किती त्रास होईल? समजा उत्तर आलं नव्वद. वस्तू टाकतात आणि आकडा पुन्हा विचारतात. दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. तो बहुतेक वेळा उतरतो, आणि तो उतरताना स्वतः पाहिल्याशिवाय कोणताही उपदेश कामाचा नसतो. दुसरा सराव घराबाहेरचा. आवडत्या दुकानात, रस्त्यावरच्या जुन्या बाजारात जायचं, वस्तू हातात घ्यायची आणि रिकाम्या हाताने परत यायचं. आत येणारा ओघ थांबला नाही, तर बाहेर काढलेलं सगळं फुकट. हे काम अतिशय हळू चालतं. दोन तासांत एक खोकाही संपत नाही. टीव्हीवर एका भागात अख्खं घर चकाचक करणारे कार्यक्रम पाहणाऱ्यांना हे पटत नाही, आणि त्या कार्यक्रमांनी लोकांच्या अपेक्षांचं जे नुकसान केलं आहे ते मोठं आहे.

फळ काय मिळतं? २०१० मध्ये ४६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांत उपचार घेणारे लोक प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा पुढे होते, आणि २६ बैठकांनंतर सुमारे सत्तर टक्के रुग्णांत चांगली सुधारणा आहे, असं उपचारकांचं मत पडलं. रुग्णांचं स्वतःचं मत त्याहून बरं होतं. पण २०१५ मध्ये टोलिन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा चित्र जरा उतरलं. लक्षणं कमी होतात, यात शंका राहिली नाही. टाकण्याची अडचण सर्वांत जास्त कमी होते. मात्र रोजच्या जगण्यातला अडथळा सर्वांत कमी हलतो, आणि विकाराच्या रेषेबाहेर खऱ्या अर्थाने पडणारे लोक वेगवेगळ्या मोजमापांनुसार २४ ते ४३ टक्केच भरतात. बैठका जास्त, घरभेटी जास्त, वय कमी, तिथे फळ जास्त.

हे आकडे निराश करणारे आहेत, असं अनेक जण मानतात. मला ते प्रामाणिक वाटतात. तीस वर्षं घट्ट होत गेलेली सवय वर्षभरात सैल होणं ही लहान गोष्ट नव्हे. चूक मोजण्याच्या पट्टीत आहे. मोकळं घर हेच यश मानलं, तर बहुतेक रुग्ण नापास. दार पूर्ण उघडतं का, शेगडीभोवतीचा कागद गेला का, रात्री संडासापर्यंत न अडखळता जाता येतं का, या पट्टीने मोजलं तर त्यांतले पुष्कळ जण पास होतात. मोजायला एक चांगलं साधनही आहे: २००८ मध्ये आलेली छायाचित्रांची पट्टी. स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि झोपायची खोली, प्रत्येकीचे नऊ फोटो, पसारा वाढत जाणारे. आपली खोली कोणत्या फोटोसारखी दिसते एवढंच सांगायचं. चौथा फोटो किंवा त्यापुढचा असेल तर मदतीची वेळ आली आहे. ‘फार आहे’ आणि ‘कुठे फार आहे’ या घरातल्या भांडणाला हा चांगला पंच आहे, आणि त्याला भाषेची गरज पडत नाही.

औषधांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संजय सक्सेना आणि सहकाऱ्यांनी पॅरॉक्सेटिन आणि वेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या गोळ्या वापरून पाहिल्या. वेन्लाफॅक्सिनच्या २०१४ मधल्या अभ्यासात लक्षणं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरली. पण रुग्ण दोन डझन आणि तुलनेला दुसरा गट नाही. या विकारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं एकही औषध नाही. नैराश्य किंवा एडीएचडी सोबत असेल, तर त्याची गोळी घ्यायला हवीच. मन जरा वर आलं की खोका उघडायचं बळ येतं. माळा रिकामा करणारी गोळी मात्र कोणी लिहून दिली, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

म्हातारपणाचा प्रश्न वेगळा आहे आणि आपल्याला जास्त जवळचा. सॅन डिएगोत कॅथरीन एअर्स यांनी ज्येष्ठांना नेहमीचा सीबीटी देऊन पाहिला, तेव्हा बारा जणांपैकी मोजक्यांनाच लाभ झाला. विचार बदलण्याचे व्यायाम त्यांच्या पचनी पडेनात. वहीतला गृहपाठ राहून जाई. मग एअर्स यांनी उपचाराची मांडणी बदलली. समजुतींवरची चर्चा काढून टाकली. तिच्या जागी आधी नियोजनाचं शिक्षण: कॅलेंडर वापरणं, कामांची यादी, एकेक पायरी पाडणं, आणि मग भरपूर प्रत्यक्ष निवड आणि टाकणं. २०१८ मध्ये ५८ ज्येष्ठांवर झालेल्या चाचणीत हा उपचार नुसत्या सामाजिक मदतीपेक्षा सरस ठरला. ज्येष्ठांबाबत एक इशाराही द्यायला हवा. साठीनंतर पहिल्यांदाच कोणी साठवू लागलं, कचराही जपू लागलं, सोबत विसरणं किंवा स्वभाव बदलणं असेल, तर मानसोपचाराआधी मेंदूची तपासणी हवी. तो स्मृतिभ्रंशाचा आरंभ असू शकतो.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातला आपल्यासाठी सर्वांत मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे. फ्रॉस्ट, टोलिन आणि स्टेकेटी यांच्या एका सोप्या स्वमदत पुस्तकावरून गटवर्ग तयार झाले. ते चालवायला तज्ज्ञ लागत नाही. याच त्रासातून गेलेली, थोडं प्रशिक्षण घेतलेली माणसं चालवतात. सॅन फ्रान्सिस्कोत कॅरल मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी ३२३ लोकांना दोन गटांत वाटलं: काहींचे वर्ग मानसशास्त्रज्ञांनी घेतले, काहींचे अशा समदुःखी माणसांनी. २०१८ मध्ये निकाल आला, आणि समदुःखींचे वर्ग मानसशास्त्रज्ञांच्या वर्गांपेक्षा कमी पडले नव्हते. लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञ हे प्रमाणही ज्या देशात नाही, त्याने हा निकाल पुन्हा पुन्हा वाचायला हवा. महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांच्या हातीच नव्या माणसांचा हात दिला. साठवणाऱ्यांचे गट आपल्याकडे व्हायचे असतील, तर ते याच मार्गाने होतील, हॉस्पिटलच्या ओपीडीतून नाही.

नवनवे प्रयोगही चालू आहेत. स्टॅनफर्डमध्ये कॅरोलिन रॉड्रिग्ज यांच्या गटाने घरातल्या वस्तूंची आभासी प्रतिकृती करून, डोळ्यांवर चष्मा चढवून, ती आधी आभासी कचरापेटीत टाकायचा सराव दिला. रुग्ण फक्त नऊ होते. बघण्यासारखं आहे, विसंबण्यासारखं अजून नाही. प्राणी साठवणाऱ्यांबद्दल, म्हणजे पन्नास मांजरं घरात कोंडून त्यांची आणि स्वतःची हेळसांड करणाऱ्यांबद्दल, तर भरवशाचा उपचार जवळपास नाहीच; तिथे सगळं काम प्राण्यांना वाचवण्यापाशीच अडतं.

घरच्यांचं काय? २००८ मध्ये ६६५ नातेवाइकांची पाहणी झाली. पसाऱ्यात बालपण गेलेल्या मुलांनी लाज, एकटेपण, मित्राला घरी बोलावता न येणं हे सांगितलं. आणि आजारी माणसाबद्दलचा त्यांचा तिटकारा गंभीर मानसिक आजारांच्या रुग्णांच्या कुटुंबांत दिसतो त्याहूनही जास्त होता. त्या रागाला कारण आहे, आणि उपचारकांनी तो समजून घ्यायला हवा. पण राग टेम्पो बोलावतो. न विचारता सामान टाकलं की रुग्णाची खात्री पटते की घरात कोणावर विसंबता येत नाही. मग कुलपं येतात, आणि उरलेल्या वस्तूंना तो जास्तच बिलगतो. म्हणून नातेवाइकांसाठीही वेगळं प्रशिक्षण तयार झालं आहे: वाद कसा टाळायचा, कुठे ठाम राहायचं, नुसत्या सुरक्षेपुरती मागणी कशी करायची.

सुरक्षेची मागणी ठाम हवीच. मेलबर्नच्या अग्निशमन दलाच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा घरगुती आगींत अशा भरलेल्या घरांचा वाटा फक्त ०.२५ टक्के निघाला, पण टाळता येण्यासारख्या मृत्यूंत तो २४ टक्के होता. आग लागते कमी, लागली की सुटका नसते. याच भीतीने शासनयंत्रणा यात उतरल्या. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या फेअरफॅक्स काउंटीने १९८९ मध्येच आरोग्य, अग्निशमन, घरबांधणी आणि समाजसेवा अशी खाती एकत्र बसवली. तशी मंडळं पुढे अनेक शहरांत झाली. सिंगापूरने २०१४ मध्ये सरकारी खात्यांचा असाच गट केला. टोकियोतल्या अडाची वॉर्डाने २०१३ पासून कचऱ्याने भरलेल्या घरांसाठी नियम केला. त्यात समजावणी, पाठपुरावा आणि खर्चाला हातभार यांना जागा आहे, जबरदस्ती शेवटी. इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टच्या मार्गदर्शनात साठवण ही स्वतःची हेळसांड म्हणून नोंदली गेली आणि सामाजिक सेवांवर जबाबदारी आली. कधी कधी घर रिकामं करावंच लागतं, हे यांतलं कोणी नाकारत नाही. ते करताना माणूस समोर असावा, त्याने जेवढं ठरवता येईल तेवढं ठरवावं, आणि ट्रक गेल्यावर कोणीतरी महिनोन् महिने येत राहावं, एवढाच त्यांचा अनुभव आहे.

भारतात हा आजार किती, याचं एक छोटंसं उत्तर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून आलं. ओसीडीसाठी आलेल्या २०० रुग्णांपैकी १० टक्क्यांत साठवण उपचाराची गरज पडेल एवढी होती, असं २०१२ च्या अभ्यासात दिसलं. पण हे सगळे ओसीडीसाठी दवाखान्यात आलेले लोक. ज्याला फक्त साठवणच आहे तो कुठे जातो? बहुतेक कुठेच नाही. मुंबईत तो तीनशे चौरस फुटांत राहतो आणि त्याचं सामान फार लवकर गॅलरीत, मग जिन्यात, मग मजल्याच्या पॅसेजमध्ये येतं. म्हणून त्याचा पहिला ‘डॉक्टर’ सोसायटीचा सेक्रेटरी असतो, आणि औषध म्हणजे नोटीस. जिना मोकळा हवा, हे सेक्रेटरीचं म्हणणं रास्त आहे. आगीच्या नियमांनुसार ते त्याचं कामच आहे. पण नोटिशीने जिना मोकळा होतो आणि घर आणखी भरतं. पुण्यात चित्र निराळं. तीन खोल्यांचा फ्लॅट, एकटे आई किंवा वडील, मुलं अमेरिकेत. ती दोन आठवड्यांच्या सुट्टीत येतात, त्यातले दहा दिवस सफाईत घालवतात, आणि विमानतळावर निरोप घेताना दोन्ही बाजू एकमेकांवर रुसलेल्या असतात. दोन आठवड्यांत होणारं हे काम नाही. त्यापेक्षा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आईबरोबर एकच कप्पा लावलेला बरा, टाकायचं काय ते तिनेच सांगून.

कायद्याचं भानही ठेवायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची संमती हा उपचाराचा पाया केला आहे. ‘घर घाण ठेवतो, म्हणून भरती करा’ असं म्हणून कोणाला रुग्णालयात टाकता येत नाही. महापालिका उपद्रव म्हणून सामान हलवू शकते, पण तिच्यापाशी सोबत पाठवायला समुपदेशक नसतो. स्वच्छता निरीक्षक, अग्निशमन अधिकारी आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातला एखादा समाजसेवक यांना एकमेकांचे फोन नंबर मिळाले, तरी पुढचं पाऊल पडेल. यासाठी नवा कायदा लागत नाही, एका आयुक्ताचा आदेश पुरतो.

तोपर्यंत घरातल्यांनी एवढं करावं. आधी शेगडी, विजेचे बोर्ड, बाहेर जायचा दरवाजा आणि संडासाची वाट मोकळी करून मागा. बाकीच्या सामानाचा विषय त्या दिवशी काढू नका. टाकायला लावण्याआधी नवं आणणं थांबतंय का ते पाहा. माळ्यावर जागा कमी पडते म्हणून आणखी एक कपाट करून देऊ नका. पाठीमागे काही टाकू नका, एक पिशवीसुद्धा नाही. आणि एकट्याने झेपत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. फोन करताना सामानाचं वर्णन थोडक्यात आटपा आणि माणसाबद्दल सविस्तर सांगा.